मनगटावर ऐकू येणारा मज्जारज्जू

२०२५ च्या सप्टेंबरात मेटा कंपनीने आपल्या नव्या चष्म्याच्या जोडीला जो मनगटपट्टा जाहीर केला, त्याचे कौतुक वर्तमानपत्रांतून इतके छापून आले आहे की, बोट जरासे हलवताच पडद्यावर आज्ञा कशी पोहोचते याचे वर्णन येथे पुन्हा करण्याचे प्रयोजन नाही. हा पट्टा स्नायूंतील वीज वाचतो, असे बहुतेकांनी लिहिले, आणि ते खरेच आहे. परंतु ज्याच्या आज्ञेवाचून स्नायूत ती वीज उत्पन्नच होत नाही, तो मज्जारज्जू त्या वार्तांमध्ये कोठे आला नाही, आणि शंभर वर्षे चाललेल्या एका विलक्षण शोधाची हकीकत त्यामुळे वाचकांपर्यंत पोहोचायची राहून गेली.

मज्जारज्जूच्या पुढल्या बाजूस प्रेरक चेतापेशींचे स्तंभ असतात. इच्छा मेंदूत उपजो, की तापल्या तव्याला हात लागून झटका रज्जूतच उपजो, स्नायूपर्यंत जायचे तर तिला याच पेशींतून जावे लागते. दुसरी वाट शरीराने ठेवलेली नाही, आणि म्हणूनच चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या वाटेला अंतिम सामायिक मार्ग असे नाव दिले. अशा एका पेशीचा तंतू पावलापर्यंत जायचा असल्यास मीटरभर लांब असतो, स्नायूत शिरल्यावर त्याला फाटे फुटतात, आणि प्रत्येक फाटा एकेका स्नायुतंतूला जाऊन भिडतो. तर्जनी बाजूला सारणाऱ्या हातातील लहानशा स्नायूत एका पेशीच्या ताब्यात सरासरी ३४० तंतू, तर पोटरीच्या आतल्या स्नायूत १,९०० च्या वर, असा १९५५ सालच्या एका मोजणीचा दाखला आहे. पेशीने एक स्पंद सोडला की निरोगी शरीरात तिच्या ताब्यातील एकूण एक तंतू एकेकदा स्पंद पावतो; हुकूम निघाला आणि त्याची तामील झाली नाही, असे सहसा घडत नाही. मेंदूतील एकट्या पेशीचे स्पंद टिपायचे तर कवटी उघडून तिच्याजवळ तार न्यावी लागते. प्रेरक चेतापेशीचा स्पंद मात्र शेकडो तंतूंनी एकदम उच्चारलेला असल्यामुळे आपण होऊन त्वचेपर्यंत येऊन ठेपतो. जाग्या, हिंडत्याफिरत्या माणसाच्या चेतासंस्थेत जे एरवी बंद दारांआड चालते, त्यातले एवढेच बाहेर ऐकू येते, आणि हे स्नायूने आपल्यावर केलेले केवढे मोठे उपकार आहेत!

केंब्रिजचे एडगर एड्रियन आणि अमेरिकेचे डेटलेव्ह ब्राँक यांनी १९२९ साली पोकळ सुईत बारीक तार ओवून ती माणसाच्या स्नायूत घातली आणि तेथील वीज ध्वनिवर्धकावर ऐकली. जोर थोडा लावला की संथ ठोका पडे. जोर वाढवला की तो जलद होई आणि त्यात नवनवे ठोके येऊन मिसळत. स्नायूंतील वीज मोजणाऱ्या ईएमजी तपासणीसाठी डॉक्टरांच्या टेबलावर कधी आडवे झालेल्या वाचकांना हा आवाज परिचयाचा असेल. नवे ठोके कोणत्या क्रमाने मिसळतात, याचे उत्तर पुढे हार्वर्डच्या एल्वुड हेनेमन यांनी मांजरांवरील प्रयोगांतून दिले: लहान पेशी आधी, मोठी नंतर.

या क्रमाला माणसाची इच्छा ओलांडू शकते काय, हा प्रश्न मला या साऱ्या विषयातील सर्वांत मनोहर प्रश्न वाटतो. कॅनडाचे शारीरशास्त्रज्ञ जॉन बास्माजियन यांनी १९६३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटासा लेख प्रसिद्ध केला. त्यांनी स्वयंसेवकांच्या अंगठ्याच्या स्नायूत केसासारख्या सूक्ष्म तारा घातल्या, त्यांतून उमटणारे स्पंद त्यांना कानांनी ऐकवले आणि डोळ्यांनी दाखवले, आणि त्यांतील एकच ठोका चालू ठेवून बाकीचे बंद करा, असे सांगितले. काही वेळाच्या सरावाने त्या माणसांना ते साधू लागले; इतकेच नव्हे, तर कित्येकांनी एका चेतापेशीकडून घोड्याच्या टापांचा आणि ढोलाच्या आवर्तनांचा ठेका वाजवून घेतला. ज्या पेशीचे अस्तित्वही आपल्याला जाणवत नाही, जिला आजवर कोणी नावाने हाक मारली नव्हती, ती हाकेला ओ देते, हे वाचून त्या काळच्या शास्त्रज्ञांना काय वाटले असेल, याची कल्पना करावी. पुढे अर्धांगवायूच्या रुग्णांना त्यांच्याच स्नायूंचा आवाज ऐकवून हालचाल शिकवण्याची जी उपचारपद्धती रूढ झाली, तिच्या मुळाशी हे प्रयोग आहेत.

सुईने मात्र एका वेळी मोजक्याच पेशी ऐकू येतात. ही अडचण दूर करणाऱ्यांत आज ज्यांचे नाव प्रथम घ्यावे लागते, ते डारिओ फॅरिना मूळचे विद्युत अभियंते. तुरिनमध्ये शिकलेले, डेन्मार्कमधील आल्बोर्ग आणि जर्मनीतील गटिंगेन येथे काम केलेले हे गृहस्थ २०१६ पासून लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात आहेत. आषाढी वारीच्या दिंडीत शेकडो टाळ एकदम वाजत असता डोळे मिटून त्यातला प्रत्येक टाळ निराळा ओळखण्यास कोणी सांगावे, तसा हा प्रश्न आहे; पण ऐकणारे कान दोन नसून साठसत्तर असतील आणि ते दिंडीच्या सर्व बाजूंस ठेवलेले असतील, तर प्रत्येक टाळाचा नाद प्रत्येक कानाशी निराळ्या रीतीने पोहोचेल, आणि त्या फरकांवरून गणिताला त्यांची फारकत करता येईल. फॅरिना आणि स्लोव्हेनियातील मारिबोरचे आलेश होलोबार यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी त्वचेवर दाटीने लावलेल्या इलेक्ट्रोडांच्या जाळीतून नेमके हेच करून दाखवले. सुई न टोचता पाचदहा, कधी त्याहून बऱ्याच अधिक, प्रेरक चेतापेशींच्या प्रत्येक स्पंदाची वेळ आता नोंदवता येते.

या विद्येचा हृद्य उपयोग २०१७ साली दिसला. हात गमावलेल्या माणसाच्या मज्जारज्जूत त्या हाताच्या चेतापेशी शाबूत असतात. त्यांचे तंतू छातीच्या किंवा दंडाच्या स्नायूकडे वळवण्याची शस्त्रक्रिया शिकागोचे टॉड कायकेन यांनी रूढ केली होती. व्हिएन्नातील शल्यविशारद ऑस्कर आझमान यांच्याकडील अशा सहा स्वयंसेवकांच्या त्वचेवर इलेक्ट्रोड लावून फॅरिना यांनी त्यांना नसलेले मनगट आणि कोपर हलवण्यास सांगितले, आणि त्या हेतूंची भाषा थेट पेशींच्या स्पंदांतून उलगडली.

बास्माजियन यांच्या ढोलाचे काय झाले? २०२२ साली फॅरिना यांच्या गटाने नडगीच्या स्नायूवर तो प्रयोग नव्या साधनांनी करून पाहिला. एकेक पेशी निराळी चालवल्याचा भास स्वयंसेवकांना निर्माण करता येतो, परंतु त्यासाठी ते जोर कमीजास्त करून, एकदा जागी झालेली पेशी सहज झोपत नाही या तिच्या स्वभावाचा लाभ घेतात. पेशींना मिळणारा संदेश मात्र सामायिकच राहतो, असा या गटाचा निष्कर्ष आहे. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी माकडांवरील प्रयोगांतून याच्या उलट, कामानुसार क्रम लवचीक होऊ शकतो, असे मत मांडले. वाद मिटलेला नाही. मला फॅरिना यांची बाजू सबळ वाटते, कारण हजारो पेशी हाताळताना मेंदूने प्रत्येकीला स्वतंत्र फर्मान धाडणे ही फार महागडी व्यवस्था ठरेल. पण बोटांच्या स्नायूंचा हिशेब नडगीहून निराळा निघाला, तर मला आनंदच होईल.

आपल्याकडे या संशोधनाची गरज चष्म्यासाठी नाही. वन्य विषाणूने झालेल्या पोलिओचा भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा येथे आढळला, परंतु त्याआधीच्या पिढ्यांतील असंख्य माणसे आज प्रौढ वयात आहेत. पोलिओचा विषाणू याच प्रेरक चेतापेशी मारतो. वाचलेल्या पेशी शेजारच्या पोरक्या स्नायुतंतूंना नवे फाटे पाठवून सांभाळतात, कित्येक पट भार वाहतात, आणि काही दशकांनी थकतात, तेव्हा बरा झालेला पाय पुन्हा दुबळा होऊ लागतो. हा भार वेदनेवाचून मोजता येणे त्या माणसांच्या दृष्टीने फार मोलाचे आहे, आणि आपल्या सरकारी रुग्णालयांत तशी तजवीज व्हावी, असे मला कळकळीने वाटते.

मनगटपट्टा हिंदुस्थानच्या बाजारात येईल तेव्हा आणखी एक प्रश्न त्याच्याबरोबर येईल. कोलोराडो आणि कॅलिफोर्निया या अमेरिकी राज्यांनी २०२४ साली चेतासंस्थेच्या मापनातून मिळणाऱ्या माहितीला कायद्याचे विशेष संरक्षण दिले, आणि त्यात मेंदू-मज्जारज्जूबरोबर त्यांच्याबाहेरच्या चेतांचाही स्पष्ट समावेश केला. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संवेदनशील माहितीचा निराळा वर्गच नाही. मनगटावरची वीज ही स्नायूची, सबब हृदयाच्या ठोक्यांइतकीच किरकोळ, असा युक्तिवाद उद्या कोणी केल्यास त्याला उत्तर देण्यास शेरिंग्टनपासून फॅरिनापर्यंतचे सारे प्रयोग पुरेसे आहेत: ते स्पंद मज्जारज्जूतील पेशींचे आहेत, आणि त्यांची नोंद ठेवण्याचा अधिकार ज्याच्या त्याच्याकडेच राहिला पाहिजे.