स्वच्छ पेट्रोलचं बेट

18 फेब्रुवारी 2015 ला लॉस एंजेलिसजवळ टॉरन्स इथल्या एक्सॉनमोबिलच्या रिफायनरीत स्फोट झाला. जड तेलाचे रेणू तोडणारा क्रॅकर दुरुस्तीसाठी थांबवला होता. ज्वालाग्राही वाफ उलट्या वाटेने धूळ पकडणाऱ्या विद्युत यंत्रात शिरली आणि तिथल्या ठिणगीने पेटली. कॅलिफोर्नियाच्या पेट्रोलचा सुमारे दहावा हिस्सा याच रिफायनरीतून येई. जुलैत लॉस एंजेलिसमध्ये गॅलनला 4 डॉलरहून जास्त मोजावे लागत होते. देशाची सरासरी मात्र 3 डॉलरच्या आत होती.

मग दुसऱ्या राज्यातून पेट्रोल का आणलं नाही? तिथलं पेट्रोल इथे विकायला परवानगीच नाही. 1996 पासून कॅलिफोर्नियाची स्वतःची पाककृती आहे. गंधक गाडीच्या उत्प्रेरकाला मारक, बेंझिन कर्करोगकारक, म्हणून दोन्ही कमी. उन्हाळ्यात ब्युटेनही काढायचं, कारण ते टाकीतून सहज उडतं आणि डोंगरांनी वेढलेल्या लॉस एंजेलिसच्या खोऱ्यात धुरक्याला खतपाणी मिळतं. हे सगळं साधायला हुकमी घटक म्हणजे अल्किलेट: ऑक्टेन भरपूर, गंधक नगण्य, बाष्पदाब कमी. त्याचा कच्चा माल क्रॅकरमधून येतो. टॉरन्समध्ये नेमकं नाकच दाबलं गेलं.

या पाककृतीचा फायदा 35 लाख गाड्या रस्त्यावरून हटवण्याइतका, असा राज्याच्या हवा मंडळाचा अंदाज होता. त्यामुळे तिला सरसकट दोष देणं मला पटत नाही. अडचण भूगोलाचीही आहे. टेक्सासकडून इथवर पेट्रोलची पाइपलाइन नाही. परदेशातून टँकर मागवला तर यायला काही आठवडे लागतात, आणि तो धक्क्याला लागेपर्यंत भाव उतरला तर व्यापारी बुडाला. म्हणून तोही हात आखडता घेतो. इकडे ग्राहकाला कामावर जायचंच असतं; भाव कितीही चढला तरी टाकी भरावीच लागते. पुरवठ्यात जराशी खोट आली की भाव उसळतो तो यामुळेच.

खरी गंमत पुढे आहे. 2016 मध्ये टॉरन्स पुन्हा सुरू झाली, तरी देशाच्या भावाशी असलेली तफावत पूर्वपदावर आली नाही. बर्कलीचे अर्थतज्ज्ञ सेव्हरिन बोरेनस्टाइन यांनी कर वजा केले, पर्यावरण नियमांचा खर्च वजा केला, तरी गॅलनमागे सुमारे 40 सेंट उरलेच. त्यांनी त्याला ‘गूढ अधिभार’ म्हटलं. तो कुणाच्या खिशात जातो हे शोधायला राज्याने 2023 मध्ये स्वतंत्र विभाग नेमला. पुढच्याच वर्षी फिलिप्स 66 ने लॉस एंजेलिसमधली आपली रिफायनरी बंद करत असल्याचं जाहीर केलं.