ब्रेबोर्न मैदान आणि खुर्च्यांचा तंटा

मुंबईच्या चर्चगेट स्थानकाबाहेर, समुद्र मागे हटवून मिळविलेल्या जमिनीवर ब्रेबोर्न स्टेडियम उभे आहे. त्यापूर्वी मुंबईतील मोठे सामने जिमखान्यांच्या मैदानांवर तात्पुरते मांडव घालून होत. १९३३ साली भारतातील पहिला कसोटी सामना झाला तो बॉम्बे जिमखान्यावर. त्या संस्थेत एतद्देशीयांस सभासद होण्याची मुभा नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे स्वतःच्या मैदानाची निकड का भासली हे सहज कळते.

त्याच वर्षी क्रिकेट क्लब ऑफ इंडिया स्थापन झाला. त्याचे चिटणीस अँथनी डी'मेलो यांनी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांच्याकडून बॅक बेमधील जागा मिळविली. सरकारास पैसा हवा की स्वतःस अमरत्व, असे त्यांनी गव्हर्नरसाहेबांस विचारल्याची आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, नाव मात्र राहिले. १९३६ च्या मे महिन्यात कोनशिला बसली आणि १९३७ च्या डिसेंबरात लॉर्ड टेनिसन यांच्या पाहुण्या संघाविरुद्ध सामना होऊन मैदान खुले झाले. ग्रेगसन, बॅटली आणि किंग यांनी आखलेल्या या वास्तूत पॅव्हिलियनमध्येच राहण्याच्या खोल्या होत्या. खेळाडूने जिन्याने उतरावे आणि थेट हिरवळीवर पाऊल टाकावे, इतकी ही सोय निकट होती.

परंतु पहिल्याच हंगामात कलह उद्भवला. पंचरंगी सामन्यांत आपल्या वाट्यास आलेल्या जागा अपुऱ्या आहेत, या कारणास्तव १९३७ साली हिंदू संघ खेळावयासच उतरला नाही. पुढील वर्षी तो परतला. १९४३ च्या अंतिम सामन्यात विजय मर्चंट यांनी हिंदूंकडून नाबाद २५० धावा केल्या. प्रतिपक्षी 'रेस्ट' संघात सांगलीचे विजय हजारे होते. ते ख्रिस्ती, म्हणून त्या संघात. त्यांच्या संघाच्या दुसऱ्या डावातील ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या! बंधू विवेक यांच्यासह त्यांनी ३०० धावांची भागी केली, तीत विवेक यांचा वाटा २१ धावांचा. इतके करूनही सामना एका डावाने गेलाच. मनुष्याची गुणवत्ता धर्मवार वाटून पाहण्याची ती रीत १९४६ नंतर बंद पडली, हे उत्तम झाले.

१९४८ पासून येथे कसोटी सामने होऊ लागले. माळशिरससारख्या तालुक्याच्या गावी बसलेल्या रसिकांस हे मैदान बहुधा रेडिओवरूनच परिचित झाले; डोळ्यांनी पाहणारे थोडे, कानांनी पाहणारे फार.

जागांचा तंटा मात्र पुन्हा उपटला. मैदान क्लबाचे, सामने भरविणारी मुंबई क्रिकेट संघटना. तिकिटांचा वाटा कोणास किती, यावर दोघांचे बिनसले. संघटनेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे हे त्यावेळी विधानसभेचेही अध्यक्ष होते. त्यांनी पुढाकार घेतला आणि अर्ध्या मैलाच्या आत दुसरे मैदान बांधविले. १९७५ च्या जानेवारीत तेथे पहिली कसोटी झाली. भांडण मिटविण्यापेक्षा नवे मैदान बांधणे सोपे ठरावे, हा प्रकार मुंबईतच शोभतो.

ब्रेबोर्नवर १९७३ नंतर कसोटी सामना झाला तो थेट २००९ साली, श्रीलंकेविरुद्ध. त्यात वीरेंद्र सेहवाग २९३ धावांवर बाद झाला. २०२३ साली महिलांच्या प्रीमियर लीगचा पहिला अंतिम सामना याच हिरवळीवर खेळला गेला आणि तो मुंबईच्या संघाने जिंकला.