झाडावर न्यायचा कटर : हलका, पण कुठून हलका?

अवजार बँकेवरचं आमचं बोलणं ऐकून बऱ्याच गटांनी विचारलं, की आंब्याच्या छाटणीसाठी चेनसॉ घ्यायचा आहे, तर कोणता घ्यावा? चेनसॉ म्हणजे आपल्याकडे सगळे ज्याला नुसतं ‘कटर’ म्हणतात तोच. या प्रश्नाचं उत्तर आम्ही एकदा चुकलो आहोत, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आमच्या गटाने पहिलं मशीन घेतलं ते किमतीकडे बघून. ५८ सीसीचं, २२ इंची पट्टीचं. जमिनीवर पडलेला फणसाचा ओंडका त्याने बघता बघता कापला, आम्ही खूश. मग जुन्या कलमांची छाटणी निघाली आणि आमच्यातल्या एकीचे दीर तेच मशीन दोराने वर घेऊन गेले. पाऊण तासाने हात भरून आले. त्यांनी एका हाताने फांदी धरली, दुसऱ्या हातात मशीन. पट्टीचं टोक बाजूच्या फांदीला लागलं आणि मशीनने उसळी घेतली. खांद्याला नऊ टाके पडले. कमरेचा बेल्ट बांधलेला होता म्हणून खाली आले नाहीत. ते मशीन वाईट नव्हतं, ते जमिनीवरचं होतं.

आता वजनाचं बघू. जमिनीवरचं ५८ सीसीचं मशीन रिकामं असतानाच साधारण पाच किलो भरतं. झाडावर चढून काम करण्यासाठी वेगळी मशीनं येतात. त्यांची मूठ मागे नसते, वर असते, म्हणून त्यांना ‘टॉप हँडल’ म्हणतात. दुकानात हाच शब्द वापरा. ही मशीनं पेट्रोलची असली तर अडीच ते साडेतीन-पावणेचार किलोपर्यंत असतात. पण मेख इथे आहे : डब्यावर लिहिलेलं वजन बहुतेक वेळा पट्टी, चेन, पेट्रोल आणि ऑइल सोडून असतं. हे सगळं चढलं की किलोभर वाढतं. बॅटरीच्या मशीनचंही तेच, वजन बॅटरी सोडून लिहिलेलं असू शकतं. दुसरं मशीन घ्यायला गेलो तेव्हा आम्ही काजू बी मोजायचा ताणकाटा सोबत नेला. दुकानदार हसला. पट्टी लावून, टाकी भरून मोजा म्हटलं, तेव्हा हसायचा थांबला.

मोजून झालं की ज्या माणसाने ते वापरायचं त्याच्या हातात द्या. दोन्ही हातांनी छातीसमोर धरायला सांगा आणि बोलत राहा. पट्टीकडे खाली झुकणारं मशीन काट्यावर हलकं असलं तरी मनगटाला जड जातं. म्हणून पट्टी १० ते १२ इंचाचीच घ्या. लांब पट्टी म्हणजे जास्त काम असं वाटतं, पण झाडावर लांब पट्टीचं टोक आपल्याला न दिसणाऱ्या फांदीला जाऊन लागतं. पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला टेकला की फिरती चेन तिथे अडकते आणि सगळं मशीन वर, आपल्या तोंडाकडे फेकलं जातं. दिरांचं झालं ते हेच.

आणि हलक्या मशीनचा एक अवगुण कोणी सांगत नाही, तो आम्ही सांगतो. दोन्ही मुठी जवळजवळ असल्यामुळे उसळी आवरायला जोर कमी मिळतो. शिवाय हलकं आहे म्हटल्यावर एका हाताने चालवायचा मोह होतो. म्हणून हे मशीन जमिनीवरच्या कामाला वापरू नये आणि झाडावरही दोन्ही हातांनीच चालवावं. दोन्ही हात मोकळे राहायचे तर माणूस दोन ठिकाणी बांधलेला हवा : एक चढायचा दोर आणि दुसरा खोडाभोवतीचा पट्टा. चेन चुकून एकावर फिरली तरी दुसरा राहतो.

दुकानातच चेन ब्रेक तपासा. पुढच्या मुठीसमोर एक आडवी ढाल असते. मशीन चालू असताना डाव्या मनगटाने ती पुढे ढकलली की चेन तत्क्षणी थांबली पाहिजे. बोट सोडल्यावर, इंजिन मंद चालू असतानाही चेन फिरता कामा नये. आजकाल एका हाताचे चार-सहा इंची छोटे बॅटरी कटर स्वस्तात मिळतात. त्यातल्या पुष्कळांना हा ब्रेकच नसतो. अंगणातली मेंदी कापा त्याने, झाडावर नेऊ नका.

पेट्रोल की बॅटरी? आमचं मत बॅटरीकडे झुकतं. झाडावर दोरी ओढून मशीन चालू करणं हेच मोठं जोखमीचं काम असतं, बॅटरीला ते नाही. बोट सोडलं की चेन थांबते, आवाजही कमी, त्यामुळे खालच्या माणसाची हाक ऐकू येते. मात्र दोन बॅटऱ्या लागतात, एकूण किंमत चढते, आणि लाईट गेली की काम अडतं. पावसात वापरू नये. वाडीत वीज भरवशाची नसेल तर पेट्रोलचं घ्या, पण ते खाली चालू करून, गरम करून, मग बंद करून आणि ब्रेक लावून दोराने वर द्या. टू-टी ऑइलचं प्रमाण पुस्तिकेत असेल तेच ठेवा. ५० ला १ असेल तर लिटरला २० मिली, २५ ला १ असेल तर ४० मिली. चेनचं ऑइल वेगळं, त्याची टाकी वेगळी. एकदा आमच्याकडे याची अदलाबदल झाली होती, त्याबद्दल न बोललेलंच बरं.

मनगटाएवढ्या फांदीपर्यंत चेनसॉ लागतच नाही, हेही सांगून टाकतो. वाकडी छाटणीची करवत दोन-तीनशे रुपयांपासून मिळते, कमरेला लटकते आणि उसळी घेत नाही. आमच्या बागेतलं निम्मं काम तिनेच होतं. जाड फांदीला आधी खालून थोडा काप, मग त्याच्या जरा पुढे वरून काप, म्हणजे साल खोडापर्यंत सोलत येत नाही. राहिलेला खुंट शेवटी खोडाजवळच्या फुगीर कड्याला धक्का न लावता कापायचा. कापावर बोर्डो पेस्ट : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी.

छाटणी वेगळी आणि झाड तोडणं वेगळं. आंबा, फणस, साग, चिंच ही झाडं महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, तोडायची तर आधी परवानगी लागते. मशीन गटाचं असलं की बोट गटाकडे येतं, म्हणून भाड्याच्या वहीत कोणतं काम हे आम्ही लिहून घेतो.

त्याच वहीत मशीनबरोबर काय काय दिलं तेही लिहितो : हेल्मेट, चष्मा, कानाचे बोळे, दोन दोर, बेल्ट आणि धारेची गोल कानस. बोथट चेन भुसा पिठासारखा काढते, धारदार चेन किसासारखा. पीठ पडू लागलं की थांबायचं, दाबायचं नाही. आणि खाली दुसरा माणूस नसेल तर मशीन देत नाही. त्यावरून ऐन हंगामात एका काकांची बोलणी खाल्ली आहेत. दुसऱ्या दिवशी ते मुलाला घेऊन आले, तेव्हा दिलं.