बाज, शेवभाजी आणि आपला महामार्ग

हजिऱ्यातले आपण बरेच जण खान्देश-विदर्भाकडचे. गावी निघताना सहसा लक्षात येत नाही, पण धुळे, जळगाव, अकोला, नागपूरला जाणारा महामार्ग आपल्या हजिऱ्यातूनच सुरू होतो. पूर्वी त्याचा क्रमांक ६ होता आणि तो थेट कोलकात्याला जायचा. आता तो ५३ झालाय आणि ओडिशात पारादीपला संपतो.

या रस्त्यावर मोटेलं कधी रुजलीच नाहीत. ‘मोटेल’ हा शब्द अमेरिकेतला. १९२५ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन लुइस ओबिस्पो गावी मोटर आणि हॉटेल जोडून तो तयार झाला. गाडी खोलीच्या दाराशी लावायची, रात्र काढायची, सकाळी पुढे निघायचं. महायुद्धानंतर तिथे घरोघरी मोटारी आल्या आणि मोटेलंही फोफावली. आपल्याकडे तेव्हा मोटार होती कुणाकडे? आपण एस.टी.वाले. १ मे १९६० पर्यंत सुरतही मुंबई राज्यातच होती, त्यामुळे एस.टी.सुद्धा दोघांची एकच. गुजरातेत अजूनही लोक ‘एस.टी.’च म्हणतात!

रात्रीचा रस्ता मात्र ट्रकवाल्यांचा. फाळणीनंतर अनेक पंजाबी निर्वासित वाहतुकीच्या धंद्यात आले आणि त्यांच्याबरोबर ढाबाही देशभर पसरला. जेवणाचे पैसे द्या, बाजेवर फुकट झोपा. माझ्या मते आपलं मोटेल म्हणजे ही बाजच.

नवापूर मागे टाकून कोंडाईबारीचा घाट ओलांडला की ढाब्यावर शेवभाजीचं राज्य सुरू होतं. ढाब्यासाठी यापेक्षा सोयीची भाजी नाही. रोजचा बाजार नको, निवडणं-चिरणं नको. जाड तिखट शेव डब्यात टिकते, काळ्या मसाल्याचा रस्सा तयार असतो. गिऱ्हाईक रात्री दोनला आलं तरी रस्सा उकळायचा, वरून शेव सोडायची, झालं. ती पार मऊ पडायच्या आत जेवण उरकायचं, एवढीच अट. (घरी ही चव येत नाही, असं म्हटलं की आमच्याकडे काय होतं ते विचारू नका.)

आता रस्ता चौपदरी झालाय, गाड्या उड्डाणपुलावरून निघून जातात आणि खालचा ढाबा दिसतही नाही. मुलं आधी स्वच्छतागृह बघतात, मग हॉटेल ठरवतात. त्यांचं बरोबरच आहे. जुन्या ढाब्यांवर बायकांची फार गैरसोय व्हायची. पण हजिऱ्याचं पोलाद आणि खत घेऊन निघालेल्या ड्रायव्हरला काचेच्या हॉटेलात पाठ टेकायला कोण देणार? तो केबिनमध्येच अंग मुडपून झोपतो. उन्हाळ्यात तर ट्रकच्या सावलीत, खाली चादर अंथरून.

दिवाळीत गावी जाल तेव्हा अजून बाजा टाकणारा ढाबा दिसला, तर गावाचं नाव आणि रस्त्याची बाजू मंडळात जरूर कळवा. मी यादी करतोय.