एक छापखाना, दोन देश

इंदिरानगरात राहणाऱ्यांना नाशिकरोड काही परकं नाही. आजोबांना गाडीवर पोचवायला जाताना प्रेसची उंच भिंत आणि पहारा तुम्ही पाहिलाच असेल. "आत काय आहे?" असं विचारलं की मोठी माणसं म्हणतात, "नोटा छापतात रे!" आणि विषय संपतो.

पण १९४७ साली तिथे काय चाललं होतं, ऐका.

१५ ऑगस्टला देश स्वतंत्र झाला. दुसऱ्या दिवशी कुणी मामाला पत्र टाकलं असेल, तर त्यावर तिकीट कुणाचं? इंग्लंडच्या राजाचं, सहाव्या जॉर्जचंच! झेंडा एका रात्रीत बदलता येतो. तिकिटं आणि नोटा नाही बदलता येत.

पाकिस्तानची पंचाईत तर आणखी मोठी. असा छापखाना त्यांच्या वाट्याला आलाच नव्हता. मग त्यांची तिकिटं छापायची कुठे? नाशिकलाच! राजाच्या तिकिटांवर इथे इंग्रजीत 'पाकिस्तान' हा शब्द वरून छापला गेला आणि १ ऑक्टोबर १९४७ पासून ती तिकिटं तिकडे वापरात आली. नोटांचंही तेच. रिझर्व्ह बँक ३० जून १९४८ पर्यंत दोन्ही देशांची बँक होती. त्यामुळे आपल्याच नोटांवर इंग्रजीत आणि उर्दूत पाकिस्तान सरकारचं नाव छापून त्या तिकडे चालवल्या गेल्या. फाळणीमुळे लाखो माणसं घरदार सोडून सीमा ओलांडत होती, आणि नाशिकरोडला एकाच आवारात दोन देशांची कामं चालू होती!

आपलं स्वतःचं पहिलं तिकीट आलं २१ नोव्हेंबर १९४७ ला. किंमत साडेतीन आणे, त्यावर तिरंगा आणि 'जय हिंद'. ते परदेशी जाणाऱ्या पत्रांसाठी होतं. म्हणजे नव्या देशाची ओळख आधी जगाला, मग घरच्यांना! अशोकस्तंभाचे सिंह असलेलं देशातल्या पत्रांचं तिकीट १५ डिसेंबरला आलं. नोटेवरून राजा जायला मात्र १९४९ उजाडलं. ती एक रुपयाची नोट होती.

सगळंच घरी जमत होतं असं नाही हं. १९४८ ची गांधीजींची तिकिटं स्वित्झर्लंडला छापून घ्यावी लागली. पाकिस्तानने आपली पहिली तिकिटं लंडनहून आणली. तसली फोटोग्रॅव्हर छपाई, म्हणजे चित्रातल्या बारीक छटा उतरवणारी, नाशिकला सुरू झाली १९५२ मध्ये. पहिला मान कुणाला? कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि टागोर यांना.

घरात कुणाचा जुना आल्बम असेल तर भिंग घेऊन बसा. राजाच्या तिकिटावर 'पाकिस्तान' दिसलं तर अक्षरं नीट बघा. असे ठसे पाकिस्तानातही हाताने मारले जात, ते बरेचदा वाकडेतिकडे असतात. अक्षरं सरळ, रेखीव असली तर ते तिकीट बहुधा आपल्या नाशिकरोडहूनच गेलेलं!