साठ हजारांची पुडी रोज घेतली तर काय होतं?

परवा गावी, केजला गेलो होतो. चुलतभाऊ म्हणला, "दादा, इम्युनिटीसाठी मी रोज पुडी घेतोय." गुटख्याची नाही, व्हिटॅमिन डीची. ६०,००० युनिटची! डॉक्टरनी सांगितली होती आठवड्यातून एक. हा पठ्ठ्या रोज दुधात टाकून पीत होता.

बीडच्या उन्हात डी कमी पडतंच कसं, असं तुम्ही म्हणाल. त्याचं मोबाईलचं दुकान आहे. दिवसभर काचेच्या आत. आणि डी बनवणारे यूव्हीबी किरण काचेतून जवळपास येतच नाहीत.

त्याचं गणित सरळ होतं: डी जास्त, तर पांढऱ्या पेशी जास्त. इथंच गडबड आहे.

जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी रक्तातलं डी आत घेऊन स्वतःच त्याचं कामाचं रूप बनवतात. २००६ मध्ये दिसलं की टीबीच्या जंतूची चाहूल लागली की त्याच डीच्या जोरावर त्या कॅथेलिसिडिन नावाचं जंतुनाशक प्रथिन तयार करतात. भारी आहे ना? टी पेशींची गोष्ट मात्र दुहेरी. शांत बसलेल्या टी पेशीत डीचा रिसेप्टर जवळपास नसतोच, जंतू ओळखल्यावर ती तो बनवते. कोपनहेगनच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं की डी नसेल तर ती नीट जागी होत नाही, तिच्या प्रती निघत नाहीत. पण १९८४ मध्येच हेही सापडलं होतं की डीचं कामाचं रूप इंटरल्यूकिन-२ हा वाढीचा सिग्नल दाबतं आणि टी पेशींची वाढ रोखतं. आमच्या भाषेत, लॉगिनही तेच देतं आणि रेट लिमिटही तेच लावतं. बरंच आहे, कारण मोकाट टी पेशी आपल्याच शरीरावर उलटतात.

आणि हे सगळं प्रयोगशाळेतल्या पेशींवर. मंगोलियात साडेआठ हजारांवर शाळकरी मुलांवर चाचणी झाली; निम्म्यांना तीन वर्षं दर आठवड्याला १४,००० युनिट दिले. २०२० मध्ये निकाल आला: रक्तातलं डी वाढलं, टीबीचा संसर्ग काही कमी झाला नाही.

जास्तीचं डी मात्र रक्तातलं कॅल्शियम चढवतं. मग मळमळ, तहान, सारखी लघवी, पुढं किडनीला त्रास. भावाला सारखी तहान लागत होतीच. "उन्हाळाय ना दादा," म्हणायचा. दुसऱ्या दिवशी त्याला दवाखान्यात नेलं, कॅल्शियम वाढलेलंच निघालं. पुडी बंद केलीय. पुढच्या आठवड्यात परत रक्त द्यायचंय.