फुटलेल्या थर्मामीटरचा पारा जातो कुठे?

लालबाग-परळच्या चाळीतली खोली. मुलाचा ताप पाहून थर्मामीटर झटकताना तो कॉटच्या कडेवर आपटतो व फुटतो. पाऱ्याचे चकचकीत मणी फरशीभर पळतात. मुले ते बोटाने ढकलत बसतात. कुणीतरी केरसुणीने सारे गोळा करून केराच्या डब्यात टाकते. यात चुकले काय, हे आपण हिशेब करूनच पाहू.

पारा हा नेहमीच्या तापमानाला द्रव असणारा धातू. उघड्यावर त्याची सावकाश वाफ होते. या वाफेला रंग नाही, वास नाही. गिळलेला पारा बहुतांशी न शोषला जाताच बाहेर पडतो; मात्र श्वासावाटे गेलेल्या वाफेपैकी सुमारे ८० टक्के शरीरात मुरते. मज्जासंस्था व मूत्रपिंडे यांना ती अपाय करते.

बी.डी.डी. चाळींतील १६० चौरस फुटांच्या जुन्या खोल्या मुंबईकरांना ठाऊक आहेत. उंची १० फूट धरली, तर खोलीत १,६०० घनफूट, म्हणजे सुमारे ४५ घनमीटर हवा मावते. कारखान्यातील कामगारांसाठी आठ तासांच्या पाळीत पाऱ्याच्या वाफेची एक प्रचलित मर्यादा आहे घनमीटरला ०.०२५ मिलिग्रॅम. म्हणजे सबंध खोलीला सुमारे १.१ मिलिग्रॅम. थर्मामीटरमध्ये पारा असतो साधारण १ ग्रॅम, म्हणजेच १,००० मिलिग्रॅम! त्याचा जेमतेम हजारावा भाग बंद खोलीतील हवेत मिसळला, तरी ही मर्यादा जवळजवळ गाठली जाते. मुलांसाठी सुरक्षित पातळी तर याहून पुष्कळच कमी. सगळा पारा एकदम उडत नाही हे खरे. पण फरशीच्या फटीतला थेंब कित्येक आठवडे वाफ सोडत राहतो. केरसुणीने थेंब आणखी बारीक होतात, पृष्ठभाग वाढतो व वाफ अधिक वेगाने होते.

मग करावे काय? मुलांना बाहेर पाठवावे, खिडकी उघडावी, पंखा बंद ठेवावा. हातातील सोन्याच्या अंगठ्या-बांगड्या काढाव्यात. पारा सोन्याला चिकटतो. रबरी हातमोजे घालून जाड पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांनी थेंब एकत्र आणावेत. बॅटरीचा प्रकाश जमिनीलगत तिरपा टाकला की लपलेले थेंब चमकतात. ते चिकटपट्टीने उचलावेत. पारा, काचा, पट्टी सारे घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवून वर चिठ्ठी लावावी. मोरीत काही ओतू नये. त्यानंतर काही तास खोली उघडी ठेवावी.

बरणी केरात गेली तर? ती फुटते सफाई कामगाराच्या किंवा कचरा वेचणाऱ्या बाईच्या हाताखाली. देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची, ठाणे खाडीलगतची. कचरा पेटला की पारा हवेत जातो. पाण्याच्या गाळात जिवाणू त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात व तो माशांत साठतो. जपानमधील मिनामाटा येथे १९५६ साली उघडकीस आलेला आजार अशाच मासळीतून पसरला होता.

म्हणूनच २०१६ च्या घनकचरा नियमांनी फुटके थर्मामीटर, ट्यूबलाइट, सीएफएल दिवे, वापरलेल्या बॅटऱ्या, रंगाचे व कीटकनाशकांचे डबे, मुदत संपलेली औषधे यांना ‘घरगुती घातक कचरा’ म्हणून ओल्या-सुक्यापासून वेगळे काढले. मुंबई महानगरपालिकेने २०२५ साली मुदतबाह्य औषधे, सॅनिटरी पॅड, डायपर वेगळे उचलण्याची योजना सुरू केली. पाऱ्याची बरणी कुठे द्यावी, हे विभाग कार्यालयातील घनकचरा खात्याला विचारावे. गिरगावसाठी डी, दादर पश्चिमेसाठी जी-उत्तर, परळ-लालबागसाठी एफ-दक्षिण.

शिक्षकांनी वर्गात एवढे जरूर करावे: प्रत्येक विद्यार्थ्याने आपली खोली मोजून वरचे गणित मांडावे, आणि घरातील अशा वस्तूंची यादी करावी. शाळेच्या प्रयोगशाळेची यादी मात्र आपण शिक्षकांनीच आधी करायला हवी.